हिरव्या फरशीतला पाय

मी खांब बोलतोय. पुरता खांब नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल की म्हाताऱ्याने गंडवलं. मी खांबाचा नुसता पाय आहे. दोन हात जमिनीत आणि वीतभर वर. डोक्यावर सध्या मिस्टर योरिसचा कॉफीचा पेला ठेवलाय. पेल्याचा गोल डाग माझ्या डोक्यावर कायमचा उमटलाय. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला टक्कल पडलं.

माझं वरचं धड तिकडे, भातखाचरांच्या पलीकडे, कबरस्तानाच्या अलीकडे उभं आहे. बेस्सेच्या घरात. जीव धडाबरोबर गेला, असं सगळा गाव म्हणतो. मला कुणी विचारलं नाही. पायाला कोण विचारतो?

शाळेत मी गेलो नाही. पण शाळेतले दोन मास्तर वर्षानुवर्षं मला पाठ टेकून डॉमिनो खेळले, त्यातला एक फसवायचा. तेवढं शिक्षण मला पुरलं.

जन्माने मी फणस. तळ्याकाठच्या आमच्या सालोबुंगा गावात इंदो चिन्नाच्या मामाच्या परड्यात वाढलो. इंदो म्हणजे आई. पुढे ती सगळ्या घराचीच इंदो झाली. ती लग्न होऊन आली तेव्हा घर बांधायचं ठरलं. घर बांधायचं म्हणजे आमच्याकडे पहिल्यांदा बेंबी शोधायची. मधोमध जो खांब सगळ्यांच्या आधी उभा राहतो, ती घराची बेंबी. बाकीचे पंधरा-वीस खांब मागून येतात आणि आयुष्यभर मानकऱ्यासारखे रुसून उभे राहतात. मला निवडलं ते उवा लेबांगच्या बापाने. उवा म्हणजे थोरले काका. घरं बांधणाऱ्या जाणत्याला सगळा गावच उवा म्हणतो, मग तो तुमच्याहून दहा वर्षांनी लहान का असेना. त्या माणसाने माझ्या खोडावर कान लावला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "हा बोलका आहे." आजवर मला मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र ते.

मला उभं केलं, कमरेला पांढरं फडकं गुंडाळलं, नारळ बांधला, गूळ ठेवला. पाय मात्र जमिनीत पुरला नाही. एका सपाट दगडावर नुसता टेकवला. आमच्याकडे सगळी घरं अशीच, दगडावर पाय टेकून, उंचावर उभी. वर माणसं राहतात, खाली कोंबड्या, होड्या, भाताची पोती आणि रिकामटेकडे पुरुष.

दगडावर का, तर घराला चालता यावं म्हणून.

हसू नका. आमच्याकडे जमीन एकाची, घर दुसऱ्याचं, हे रोजचंच आहे. जमीन मुलग्याकडे जाते, घर धाकट्या मुलीकडे. जमीन बदलली की घर उठतं. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं जातं, की परवा सकाळी अमक्याचं घर हलायचंय. मग सत्तर-ऐंशी बाप्ये जमतात, खांबांना आडवे बांबू बांधतात, घराच्या पोटाखाली वाकतात आणि आख्खं घर खांद्यावर घेऊन निघतात. आतल्या मडक्यांसकट, टांगलेल्या कॅलेंडरासकट. बायका केळीच्या पानातलं गोड बारोंगको वाफवतात आणि लांबून आपल्या नवऱ्यांच्या पाठींना नावं ठेवतात.

मी दोनदा चाललोय. पहिल्यांदा तळ्याने काठ खाल्ला म्हणून. दुसऱ्यांदा इंदो चिन्नाचं शेजारणीशी कोंबड्यांवरून वाजलं म्हणून. कुणाची कोंबडी कुणाच्या घराखाली अंडी घालते, यावरून तीन वर्षं धुसफुस चालली होती. शेवटी इंदो चिन्ना म्हणाली, "घरच उचला." ऐंशी माणसं आली. घर सव्वाशे पावलं पुढे, या जागेवर, तिच्या नवऱ्याच्या जमिनीवर आलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीची कोंबडी चालत इथे आली आणि माझ्या पायाशी अंडं घालून गेली. इंदो चिन्नाने ते तळून खाल्लं आणि कुणाला सांगितलं नाही. मी आज सांगतोय.

चालताना कसं वाटतं म्हणून विचाराल. पाय अधांतरी असतात. खाली माणसांची डोकी, घामाचा वास, आणि लेबांगच्या बापाची हाळी. तेवढा वेळ कुणाचंच वजन आपल्यावर नसतं. उलट आपण लोकांवर. बेंबीच्या खांबाला असा दिवस जन्मात दोनदाच आला, पण आला.

आता बेद्दूची गोष्ट. इंदो चिन्नाला दोनच मुलं. थोरला बेद्दू आणि धाकटी बेस्से. बेद्दू आळशी नव्हता, पण पायात भिंगरी. आमच्या गावातले निम्मे पुरुष असेच समुद्रापलीकडे तावाऊला जातात, तिथल्या मळ्यांत पामची फळं तोडतात आणि फोटो पाठवतात. जाणाऱ्याने जिना उतरला की घराखाली बेंबीपाशी यायचं. आईने त्याच्या जुन्या लुंगीची पट्टी फाडायची आणि बेंबीच्या खांबाला गाठ मारायची. तो परत आला की आईनेच सोडायची. आई नसेल तर बहिणीने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गाठ आहे तोवर माणूस घराला बांधलेला.

बेद्दूची पट्टी निळ्या चौकड्यांची होती. इंदो चिन्नाने गाठ मारली ती अशी करकचून, की मी मनात म्हटलं, बाई, मुलगा तिकडे आहे, गळा माझा आवळतेस.

"दोन वर्षांत येतो," बेद्दू म्हणाला.

"तुझा बाप पण असंच म्हणाला होता," इंदो चिन्ना म्हणाली. "तो आला. आला म्हणून तू झालास. तूही ये."

गावातल्या बाकीच्या गाठी बांधल्या गेल्या, सुटल्या. बेद्दूची राहिली. दोनाची पाच झाली, पाचाची पंधरा. त्याने तिकडे लग्न केलं. इंदो चिन्ना मरताना बेस्सेला सांगून गेली, की तो आला की तू सोड. म्हातारपणी माणूस आटतं तसं लाकूडही आटतं. मी बारीक झालो, पट्टी सैल होऊन खाली घसरली आणि माझ्या पावलाशी जाऊन बसली. गाठ मात्र तशीच. हात लावायचा अधिकार एकट्या बेस्सेचा, आणि ती उगाच कशाला लावेल?

मग आला साक्का. बेस्सेचा नवरा. तोही चार वर्षं तावाऊला राबून आला होता, त्याची गाठ त्याच्या आईने सोडली होती. माणूस सोन्यासारखा, पण तिकडे मोठ्या लोकांच्या घरांत फरशी बघून आला होता. त्याला फरशीचं वेड लागलं. लाकडी घराला फरशी लावणार कुठे? त्याने तोडगा काढला. घराखाली, बेंबीच्या भोवती, पलंगाएवढा ओटा बांधायचा. खाली खोल खड्डा, त्यात लोखंडी सळ्या, सिमेंट, आणि वरून हिरवी गुळगुळीत फरशी. माझ्याखालचा दगड काढला आणि मला त्या ओल्या सिमेंटात उभा केला. बेद्दूची पट्टी पायाशी होती ती तशीच आत गेली. साक्काच्या लक्षातही आलं नाही.

"आता हे घर कुठे जाणार नाही," साक्का बेस्सेला म्हणाला.

आणि खोटं कशाला सांगू, बेस्सेला ते आवडलं. तिच्या आईने कोंबड्यांपायी घर हलवलं होतं, तेव्हा तिची खेळायची मातीची भांडी फुटली होती. तिने त्या दिवशी साक्काच्या कॉफीत दुप्पट साखर घातली.

आणि मी? मी तर फुगून गेलो. बाकीचे खांब अनवाणी, आणि माझ्या पायात हिरवे बूट. कोंबडी आली तर म्हणायचो, लांब हो, फरशी घाण करशील.

उवा लेबांगला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला. तोवर त्याचा बाप जाऊन तोच गावचा जाणता झाला होता. वाकून बघितलं. "बेंबीला बूट घातलेस," एवढंच म्हणाला आणि समोरची कॉफी न पिता निघून गेला. आमच्याकडे ओतलेली कॉफी ठेवून जाणं म्हणजे कानफटात मारणं. साक्का आठवडाभर गुरगुरला, म्हणाला, म्हाताऱ्याला सिमेंटाचं काय कळतं. म्हातारा तेव्हा चाळिशीतही नव्हता.

साक्का गेला तो तळ्यावर, होडीत बसल्या बसल्या, छाती धरून. त्यानंतर बेस्सेला तो ओटा बघवेना. तिने त्यावर ताडपत्री टाकली, ताडपत्रीवर भाताची पोती रचली, पोत्यांवर जुना हातमाग चढवला. पंधरा वर्षं गेली. फरशी पोत्यांखाली, पोती मागाखाली. डोळ्याआड झालं की माणसं विसरतात. मी विसरलो नाही, पण माझ्या पावलांना आत काहीतरी ओलसर लागायला लागलं होतं. सिमेंट पाणी धरून ठेवतं. दगड सोडून देतो. हे मला बूट घालताना कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी तावाऊहून फोन आला. बेद्दू आजारी पडला होता, मळ्यातलं काम सुटलं होतं, आणि त्याच्या नावावर जगात एकच गोष्ट होती, ही जमीन. ती त्याने विकली होती.

बेस्से वरच्या ओसरीवर फोन धरून बसली होती. तिच्या बोलण्यावरून पलीकडचं कळत होतं. जमीन विकली म्हणून ती रागावली नाही, खरंच नाही. आमच्याकडे भावाने जमीन विकली तर बहीण घर उचलून दुसरीकडे ठेवते. बेद्दू म्हणाला असणार, घर काय, चालतंच. त्याने हे घर शेवटचं पाहिलं तेव्हा घराचे सगळे पाय दगडावर होते.

"चालेल," बेस्से म्हणाली. "पण तू कधी येतोस?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

घेणारा होता मिस्टर योरिस. कुठल्याशा थंड देशातला लांबडा माणूस, नाक उन्हाने सोललेलं. परक्याच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून ती त्याच्या बायकोच्या, जावा बेटावरच्या रातिहच्या नावावर झाली. गावात लगेच सुरू झालं, की जमीन बायकोची आणि घाम मिस्टरचा. तो बिचारा शांततेसाठी आला होता. आमच्या गावात शांतता मिळते हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. आमच्याकडे रस्त्यात दिसेल त्याला लोक विचारतात, "कुठे निघालात?" याचं उत्तर द्यायचं नसतं, नुसतं हसायचं असतं. मिस्टर थांबून प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचा. दुकानात, खिळे आणायला, पाऊण इंची. दुकानापर्यंत पोचायला त्याला दीड तास लागायचा.

त्याला वाटलं होतं, जमिनीबरोबर घरही आलं. घर बघूनच तो भाळला होता. मुखियाच्या ओसरीवर बैठक बसली, ती सगळी मला नंतर डॉमिनोच्या अड्ड्यावर ऐकायला मिळाली. मिस्टर म्हणाला, कागदात "जमीन आणि तिच्यावरचं" असं आहे. मुखियाने डोकं खाजवलं. तेव्हा बेस्सेच म्हणाली, "आमच्या घराला मुळं नसतात. लिहा, जे जमिनीत रुतलंय ते त्यांचं, जे दगडावर ठेवलंय ते माझं."

सगळे वाहवा म्हणाले. मिस्टरलाही पटलं. रातिहने सही केली, बेस्सेने सही केली, आणि ऐटीत घरी आली. माझ्याभोवतीच्या पोत्यांवर थाप मारून म्हणाली, "बघितलंस?"

बघितलं, बाई. काय सांगू? तोंड नव्हतं मला.

रोजे सुरू व्हायला तीन दिवस होते. त्याआधी घर हलायला हवं होतं, कारण रोज्यात कुणाला खांदा द्या म्हणता येत नाही, आणि रोज्यानंतर भाताची कापणी होती, तळ्याचं पाणी चढणार होतं. जागा ठरली होती, साक्काच्या भावाची, कबरस्तानाच्या अलीकडची. भोंग्यावरून सांगून झालं. बेस्सेने पहाटे उठून बारोंगको वाफवलं, ऐंशी माणसांचं.

एकोणचाळीस आले.

बाकीचे तावाऊला, बालिकपापानला, शहरात. जे आले त्यांत निम्म्यांचे गुडघे माझ्यापेक्षा जुने. मिस्टर योरिसही आला, बाह्या सरसावून, चाळिसाव्याच्या जागी उभा राहिला. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, म्हणाला, "याला मधे घ्या. उंच आहे, सगळं वजन त्याच्यावर जाईल." हशा झाला. त्या दिवशीचा तेवढाच.

उवा लेबांग साठीकडे झुकला होता, पण आवाज बापाचा. सगळे घराखाली वाकले. पोती आधीच बाजूला झाली होती, माग काढला होता, ताडपत्री मात्र ओट्यावर तशीच पसरलेली. तिच्यावर बांबू पडले होते. कुणाला वाटलं, खाली लाकडं असतील.

"खांद्यावर घ्यायचंय, कुशीत नाही," लेबांग ओरडला. "वाका. आणि एकाच श्वासात."

घर उठलं. सगळे खांब वीतभर वर गेले. मी नाही गेलो. माझ्या कमरेतून आरपार गेलेली तुळई अशी कण्हली, की वरच्या ओसरीवरचं कबुतर उडून गेलं. घर माझ्याभोवती तिरकं झालं, खालची माणसं "ठेवा, ठेवा" करायला लागली. घर धप्पकन खाली आलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बेस्से जिन्याच्या खाली कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिने किटली हळूच जमिनीवर ठेवली.

"फरशी," ती म्हणाली.

ताडपत्री ओढली. हिरवी फरशी, आरशासारखी. पंधरा वर्षांनी तिच्यावर ऊन पडलं.

मग मुखियाने नको तिथे तोंड उघडलं आणि म्हणाला, की लिहिलंय तसं बघायला गेलं, तर रुतलेलं ते... त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मिस्टर म्हणाला, "कागद राहू दे. खणा." रातिहने नवऱ्याकडे एकदा बघितलं, मग स्वतःच जाऊन पहार घेऊन आली. वाईट माणसं नव्हती. इतकं सगळं झालं आणि त्यात एकही वाईट माणूस सापडत नाही, याचाच मला राग येतो. कुणीतरी असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

फरशी फोडली. सिमेंटाचा एक कोपरा निघाला, पुढे सळ्या. लेबांग गुडघ्यावर बसला आणि त्याने माझ्या पायात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा तपकिरी पाणी ठिबकत होतं.

वर मी फणसाचा पिवळा, टणक, खणखणीत. खाली भिजलेली पोळी.

"उपटायला गेलो तर मधेच मोडेल," लेबांग म्हणाला. "कुठे मोडेल ते तो ठरवेल. कापलं तर कुठे कापायचं ते आपण ठरवू."

"बेंबी कापायची?" कुणीतरी विचारलं.

लेबांगने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बेस्सेकडे बघत होता. घराच्या बाईने सांगितल्याशिवाय बेंबीला करवत लागत नाही. "नवीन खांब घालता येईल," तो म्हणाला. "मग घर नवीन. तुझ्या आईचं नव्हे. किंवा हाच कापून, दगडावर ठोकळा ठेवून, त्यावर उभा करायचा. लंगडा."

"लंगडा किती जगेल?" बेस्सेने विचारलं.

"तू जगशील तेवढा."

"मग काप."

ती माझ्याजवळ आली. तिने माझ्या पायाला खोबरेल चोळलं, बाळाला लावतात तसं. आणि तेव्हा तिला ते दिसलं. फुटलेल्या फरशीच्या फटीतून निळ्या चौकड्यांची जिभेएवढी चिंधी बाहेर आली होती. तिने टोक धरून ओढलं. सिमेंटाने सोडलं नाही. परत ओढलं. मग ती थांबली. तिचा चेहरा मी तीन हातांवरून बघितला, असा चेहरा तिच्या आईचा कोंबड्यांच्या भांडणातही झाला नव्हता.

फरशीचा एक तुकडा उचलून तिने त्या फटीवर झाकण घातलं.

"हा राहू दे इथेच," ती म्हणाली. "ज्याने जमीन विकली, त्याची गाठ जमिनीत."

करवत लेबांगने स्वतः चालवली. दुखलं का? खाली कुजलेल्याला काय दुखणार. वरच्याला दुखलं असेल. त्या दिवसापासून तो आणि मी वेगळे.

मग घर उठलं. चाळीस खांद्यांवर, दर दहा पावलांवर थांबत, टेकवत, पुन्हा उचलत. पूर्वी जे एका हाळीत व्हायचं त्याला दुपार झाली. मी खालून माझंच धड जाताना बघितलं. तुळईवर लोंबकळत, पाय जमिनीला न लागता. बेस्से मागून चालत होती, एकदाही वळली नाही. ऐंशी माणसांच्या बारोंगकोपैकी निम्मं उरलं. ते रातिहने घरोघर वाटलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. मिस्टरने इथे सिमेंटचं छोटं घर बांधलं, पत्र्याच्या छपराचं. मला काढायला सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसतो, पेला माझ्या डोक्यावर ठेवतो. रातिह महिना महिना जावाला आईकडे असते. शेजारची दोन घरंही हलली, पण ती चालली नाहीत. सुटी करून, फळी फळी वेगळी करून, गाडीत भरून गेली. खांदे मिळाले नाहीत. मशिदीचा भोंगा आता घरांचं काही सांगत नाही. मिस्टरला शांतता मिळाली. ती मिळाल्यापासून त्याची झोप उडाली आहे, असं तो एकदा पेल्यालाच म्हणाला.

गेल्या कापणीनंतर, सकाळी दहाच्या सुमाराला, भाड्याच्या मोटारसायकलवरून एक हाडकुळा म्हातारा उतरला. हातात प्लास्टिकची पिशवी. तो रस्त्यात उभा राहिला आणि घराच्या उंचीवर हवेत बघायला लागला. तिथे काही नव्हतं.

"कुठे निघालात?" मिस्टरने विचारलं. शिकला बघा अखेरीला.

"इथेच," म्हातारा म्हणाला.

मी त्याला पावलांवरून ओळखलं. उजवा पाय जरासा आत टाकायचा, पोरपणापासून. तो ओट्याशी आला. सवयीने त्याचा हात छातीच्या उंचीवर गेला, जिथे गाठ असायला हवी होती. हात तसाच राहिला. मग तो खाली बसला, मिस्टरचा पेला उचलून अदबीने बाजूला ठेवला आणि माझ्या डोक्यावर कपाळ टेकलं. फार हलकं कपाळ होतं.

मिस्टर तसाच अनवाणी खाचरातून पळत गेला आणि बेस्सेला घेऊन आला.

ती चार पावलांवर उभी राहिली. ओढणी वाऱ्याने सरकली होती ती तिने सारखी केली नाही.

"मला वाटलं, घर चालतंच," बेद्दू म्हणाला.

"चाललं," बेस्से म्हणाली. "लंगडत."

"मला तिकडे टेकवत नाही गं. झोपलो तरी इथलंच दिसतं, जागा असलो तरी. आईने बांधलेलं तेवढं सोड. मग मी तुझ्याकडे जेवायला येईन, तू बोलावलंस तर."

बेस्से ओट्यावर बसली, फरशीचा तुकडा बाजूला केला आणि चिंधीचं टोक चिमटीत धरलं. या वेळी ते आलं. आलं म्हणजे, भिजलेल्या राखेसारखं बोटांना लागून आलं. निळं नव्हतं, चौकडी नव्हती. तिने फटीत बोटं घातली, आत चाचपलं. आत सिमेंट होतं आणि मी होतो.

बेद्दूचे डोळे मिटलेले होते. आमच्याकडे गाठ सोडताना प्रवाशाने डोळे मिटून बसायचं असतं.

बेस्सेने त्याच्याकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात रिकाम्या फटीवर धरले आणि बोटं हलवली, अगदी तिची आई हलवायची तशी, आधी एक पीळ उलटा, मग दुसरा. हातांत काही नव्हतं.

"सुटली," ती म्हणाली.

बेद्दूने इतका मोठा श्वास टाकला, की माझ्या डोक्यावरची धूळ उडाली. मग बहीण पुढे आणि भाऊ मागे, बांधावरून तिकडच्या घराकडे गेले. मिस्टर पेला हातात घेऊन उभाच.

आता खरं सांगतो. सुटली नाही. बाहेर लोंबत होतं ते नुसतं टोक होतं. गाठ आत आहे, सिमेंटाच्या पोटात, इंदो चिन्नाने मारली तशीच करकचून, माझ्या घोट्याभोवती. मला रोज जाणवते. जन्मभर मी सगळ्यांची उणीदुणी काढली. शेजारणीचं अंडं सांगितलं, मास्तरची लबाडी सांगितली, साक्काचं फरशीचं वेडही सांगून टाकलं. पण हे एक बेद्दूला सांगणार नाही. तो रोज दुपारी येऊन इथे बसतो, बरं झोपतो म्हणे हल्ली, मिस्टरला डॉमिनो शिकवतो. फसवायलाही शिकवतोय.

तुमच्यापैकी कुणी कधी तळ्याकाठी आमच्या सालोबुंगाला आलात, तर मिस्टरच्या ओट्यावर टेका, कॉफी घ्या. कॉफी ठेवून जाऊ नका. आणि त्या हाडकुळ्या म्हाताऱ्याशी काय वाटेल ते बोला, पण गाठीचं काढू नका. माझा पाय कुजतोय, हे लेबांगने बोट घालून बघितलंय. आणखी दोन पावसाळे, फार तर तीन. मी पुरता भुसा झालो की गाठीला धरायला काही उरणार नाही, मग ती आपोआपच सैल पडेल.

तोवर बेद्दूने तग धरावा. मी घाई करतोच आहे.